चाचणीच्या यादीत आपली अक्षरे

फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू अक्षराने जगभरचे आयफोन बंद पाडले. आयओएस ११.२.५ असलेल्या फोनवर ते अक्षर ज्या ॲपमध्ये दिसे, ते ॲप कोसळे. सूचनेच्या पट्टीत आले, तर फोनचा मुख्य पडदाच बंद पडे आणि पुन्हा पुन्हा सुरू होत राही. मेसेज, व्हॉट्सॲप, फेसबुक, ट्विटर अशी रोजची ॲप त्यात सापडली. लोक खोडसाळपणे ते अक्षर एकमेकांना पाठवू लागले. १९ फेब्रुवारीला ॲपलने ११.२.६ ही दुरुस्त आवृत्ती काढली. सोबतच्या सुरक्षा टिपणात थोडक्यात कारण दिले होते: विशिष्ट रीतीने रचलेला मजकूर हाताळताना मेमरी बिघडत होती, आता आत येणारा मजकूर अधिक नीट तपासला जातो.

तेव्हाच्या बातम्यांचा एकंदर सूर असा होता, की कुठल्याशा अनोळखी लिपीतल्या एका अवघड अक्षराने चांगल्या यंत्राचा घात केला. हा सूर मला मुळातच चुकीचा वाटतो. सॉफ्टवेअरची चाचणी कधीच पूर्ण होत नसते, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती कुठे थांबवायची, हे माणसे ठरवतात. कोणता मजकूर नेहमीचा धरायचा आणि कोणता अपवाद म्हणून सोडून द्यायचा, हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. भारतीय लिप्यांमुळे उघड होणारे दोष त्या निर्णयाकडे बोट दाखवतात. आणि तो निर्णय बदलणे आपल्या आवाक्यात आहे.

आधी त्या अक्षराकडे जवळून पाहू. ते होते तेलुगू लिपीतले 'ज्ञा'. तेलुगूत 'ज्ञान' लिहायचे, तर याच अक्षराने सुरुवात होते; म्हणजे अक्षर अगदी रोजच्या वापरातले. साधा 'ज्ञा' लिहिला, तर फोनला काही होत नव्हते. घातक ठरलेली मांडणी पाच संकेतांची होती: ज, त्याचा पाय मोडणारे हलन्त चिन्ह, ञ, मग 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' नावाचे न दिसणारे चिन्ह आणि शेवटी आ-कार. हे अदृश्य चिन्ह दोन अक्षरांना एकमेकांत मिसळू देत नाही. ते नको त्या जागी आले आणि अक्षरे जुळवून पडद्यावर मांडणाऱ्या भागाचा तोल गेला.

हा प्रकार पहिलाही नव्हता आणि शेवटचाही. २०१३ मध्ये एका अरबी मजकुराने आयओएस ६ आणि मॅकची १०.८ ही आवृत्ती कोसळवली होती. मे २०१५ मध्ये एका संदेशाने आयफोन रीस्टार्ट होऊ लागले. त्यात इंग्रजी शब्दांबरोबर अरबी व चिनी अक्षरे होती आणि 'ॣ' हे देवनागरी चिन्हही होते. वर्तमानपत्रांनी त्याला मराठी अक्षर म्हटले. वास्तविक ही दीर्घ 'ॡ'ची मात्रा. रोजच्या मराठीत तिची गाठ कधीच पडत नाही. तेव्हाच्या विश्लेषणानुसार सूचनेच्या पट्टीत न मावणारा मजकूर मध्येच तोडताना गडबड होत होती. एप्रिल २०२० मध्ये इटलीच्या झेंड्याचे इमोजी आणि सिंधी अक्षरे एकत्र आल्यावर आयओएस १३.४.१ कोसळू लागले. मे महिन्यात १३.५ आवृत्तीने ते थांबवले. अरबी, देवनागरी, तेलुगू, सिंधी. सात वर्षांत हीच नावे पुन्हा पुन्हा यावीत, याला योगायोग म्हणता येणार नाही.

यामागचे कारण समजायला 'महाराष्ट्र' हा एक शब्द पुरेसा आहे. यात अक्षरे किती, असे पहिलीतल्या मुलाला विचारा. म, हा, रा, ष्ट्र: चार, असे तो सांगेल. संगणकात मात्र हा शब्द दहा संकेतांनी साठवला जातो: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. यूटीएफ-८ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेताला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण तीस. मजकुराचे अक्षरागणिक तुकडे कुठे पाडावेत याचा युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीचा जुना सर्वसाधारण नियम लावला, तर उत्तर सहा येई, कारण तो हलन्तानंतर जोडाक्षर तोडत असे. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतले जोडाक्षर अखंड धरणारा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. पहिलीतल्या मुलाचे उत्तर नियमात उतरायला बत्तीस वर्षे लागली.

आता एखाद्या प्रोग्रामरने नावाच्या रकान्याला वीस बाइटांची मर्यादा घातली, तर काय होईल? इंग्रजी नाव आरामात मावेल. 'महाराष्ट्र' सातव्या संकेताच्या मध्यावर तुटेल आणि शेवटी अर्धवट कचरा उरेल. मर्यादा संकेतांवर घातली आणि ती हलन्तापाशी संपली, तर 'ष्ट्र'चा 'ष्' राहील आणि 'ट्र' जाईल. दोन्हीकडे कोड लिहिणाऱ्याने एकच गोष्ट गृहीत धरलेली असते: एक अक्षर म्हणजे एक घर. इंग्रजीत हे गृहीतक बहुतेक वेळा निभावून जाते, म्हणून ते कधी तपासले जात नाही.

दुसरे गृहीतक क्रमाचे. 'वार्षिक' मधला 'र्षि' घ्या. आत साठवताना क्रम र, हलन्त, ष, वेलांटी असा असतो. पडद्यावर मात्र सर्वात शेवटी साठवलेली वेलांटी सर्वात आधी दिसते आणि सर्वात आधी साठवलेला र रफार होऊन 'ष'च्या डोक्यावर बसतो. ही अदलाबदल करणाऱ्या भागाला शेपिंग इंजिन म्हणतात. मजकूर दाखवायचा, ओळ मोडायची, कर्सर सरकवायचा, यांपैकी काहीही करायचे, तर या इंजिनाला दर वेळी साठवलेल्या क्रमाचा आणि दिसणाऱ्या क्रमाचा मेळ घालावा लागतो. त्या हिशेबात एका घराची चूक झाली, की मेमरीत भलत्याच जागी लिहिले जाऊ शकते.

इथे अनुभवी टेस्टर एक रास्त आक्षेप घेईल. तो म्हणेल, सगळेच तपासायचे, तर जन्म पुरणार नाही. आकडा मांडून पाहू. देवनागरीसाठी युनिकोडने १२८ जागांची पट्टी राखली आहे, तेलुगूसाठीही तेवढीच. अशा एका पट्टीतून पाच संकेतांच्या किती मांडण्या होतात? सुमारे ३,४३६ कोटी. सेकंदाला हजार तपासल्या, तरी ३९८ दिवस लागतील. तेही एका लिपीसाठी, एका फॉन्टमध्ये, एका रुंदीवर, एका फोनवर. आणि एवढे करूनही २०१८ चा दोष सापडला नसता, कारण ते अदृश्य चिन्ह तेलुगूच्या पट्टीत नाहीच. युनिकोडमध्ये त्याची जागा विरामचिन्हांच्या वेगळ्या पट्टीत आहे. चाचणी दोष असल्याचे दाखवू शकते, नसल्याचे कधीच दाखवू शकत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्ये रोमच्या परिषदेत मांडले. ते आजही तितकेच खरे आहे.

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही. सगळे तपासता येत नाही, म्हणूनच काय तपासायचे याची निवड महत्त्वाची ठरते. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण एका पातेल्यातले शीत चेपून दुसऱ्या पातेल्यातला भात शिजला असे कोणी म्हणत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नेमके हेच होत आले आहे. इंग्रजी नाव, इंग्रजी पत्ता, इंग्रजी वाक्य घालून तपासायचे, आणि मग ते सगळ्या भाषांसाठी तयार आहे असे जाहीर करायचे.

दुसरा आक्षेप असा, की त्या ठिकाणी तो अदृश्य संकेत कोणी तेलुगू लेखक घालत नाही, मग अशा कृत्रिम मजकुराची काळजी कशाला? याचे उत्तर मराठीच देते. 'वाङ्‌मय' लिहिताना 'ङ'चा पाय मोडलेला स्पष्ट दिसावा म्हणून हेच अदृश्य चिन्ह वापरले जाते. 'वर्‍हाड' लिहिताना रफाराऐवजी अर्धा र हवा, म्हणून त्याचे जोडणारे भावंड, 'झिरो विड्थ जॉइनर', वापरले जाते. मराठी लिहिणाऱ्याच्या बोटांखालून ही चिन्हे रोज जातात, त्याला ती दिसत नाहीत एवढेच. घातक मांडणी आणि रोजची मांडणी यांत अंतर एका कळीचे असते. मजकूर चिकटवताना, शब्द अर्धवट खोडताना किंवा एका कीबोर्डवरून दुसऱ्यावर जाताना ते अंतर सहज ओलांडले जाते. शिवाय मजकूर बाहेरून येतो. तेलुगूचे एक अक्षरही न वाचणाऱ्या माणसाचा फोन तेलुगू अक्षराने बंद पडला. म्हणजे एका लिपीची चाचणी टाळण्याची किंमत त्या लिपीच्या वाचकांपुरती राहत नाही.

कोसळणे निदान दिसते. न दिसणारे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण त्याची बातमी होत नाही. 'वऱ्हाड' हाच शब्द पुन्हा घेऊ. त्यातला अर्धा र दोन मार्गांनी लिहिता येतो. एक मार्ग म्हणजे 'ऱ' हे वेगळे अक्षर आणि हलन्त. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, हलन्त आणि अदृश्य जॉइनर. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही डोळ्यांना एकसारखे दिसतात. पण युनिकोडच्या प्रमाणीकरणातही हे दोन्ही एक धरले जात नाहीत, त्यामुळे संकेतांची सरळ तुलना करणाऱ्या शोधात एकाने लिहिलेले दुसऱ्याला सापडत नाही. कीबोर्डवर दोन्ही सोयी न सापडलेला माणूस रफार देऊन 'वर्हाड' लिहितो, तो तिसरा प्रकार. 'ॲ'चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. त्याआधी लोक अ लिहून वर अर्धचंद्र देत, आणि अनेक जण आजही देतात. दिसायला एकच, आत दोन. ग्रंथालयाच्या सूचीत, मतदार यादीत, जमिनीच्या नोंदीत 'कऱ्हाड' किंवा 'गोऱ्हे' शोधणाऱ्याला संगणक शांतपणे सांगतो, की अशी नोंद नाही. प्रोग्राम कोसळत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात. माणसाला मात्र त्याची नोंद मिळत नाही.

मोडीचे उदाहरण याहून बोलके आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. तिचे संकेत पट्टीत इतके पुढे आहेत, की यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमधला 'यूटीएफ-८' नावाचा जुना पर्याय प्रत्येक संकेताला तीनच बाइट देत असे. चार बाइटांचा वेगळा पर्याय २०१० मध्ये आला, पण जुन्या पर्यायावर उभ्या असलेल्या डेटाबेसना मोडीचे एक अक्षरही साठवता येत नाही. देवनागरी तीन बाइटांत मावते, म्हणून मराठी मजकूर घालून पाहणाऱ्यालाही शंका येणार नाही. उद्या कोणी मोडी दफ्तराचे लिप्यंतर मूळ लिपीसह साठवायला घेईल, तेव्हा हा दोष समोर उभा राहील. मराठीची चाचणी झाली म्हणजे मराठी माणसाच्या सगळ्या लिखाणाची झाली, असेही धरून चालत नाही.

मग करायचे काय? चाचणीच्या मर्यादा ओलांडता आल्या नाहीत, तरी त्यांच्या आत अधिक शहाणपणाने वागण्याचे मार्ग आहेत. पहिला मार्ग यंत्रालाच मजकूर रचायला लावण्याचा. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांनी विद्यार्थ्यांना एक प्रकल्प दिला. वादळी रात्री टेलिफोनच्या तारेवरून संगणक वापरताना तारेतल्या खरखरीने भलतीच अक्षरे आत शिरत आणि प्रोग्राम कोसळत, हे त्यांनी पाहिले होते. मग मुद्दाम वेडीवाकडी अक्षरे घालून त्यांनी युनिक्सचे प्रोग्राम तपासले. १९९० च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवले, की प्रत्येक आवृत्तीवर पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम कोसळले. याला आज फझिंग म्हणतात. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांत अक्षरे जुळवणारे हार्फबझ हे इंजिनही अशा फझिंगमधून सतत जात असते.

पण नुसता आंधळा मारा पुरत नाही. २०१८ च्या दोषाचा माग कसा लागला ते पाहिले, की दुसरा मार्ग दिसतो. तेव्हा मोझिलात काम करणारे अभियंते मनीष गोरेगावकर यांनी त्या एका अक्षरातून नियम शोधून काढला: व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन, अदृश्य चिन्ह, स्वर. त्यातले दुसरे व्यंजन पहिल्याला मागून चिकटणारे हवे. तेलुगूत बहुतेक व्यंजने तशी चिकटतात, बंगालीत र आणि य, देवनागरीत र. म्हणजे 'क्र' सारखी आपली जोडाक्षरेही त्या सापळ्यात होती. जगाला जे एक विचित्र अक्षर वाटले, तो तीन लिप्यांत पसरलेला एक वर्ग निघाला. हे शोधायला कोडची जाण हवी, पण र जोडाक्षरात कसा वागतो, याचीही जाण हवी. अशा जाणकाराने आधी वर्ग आखून दिला, तर ३,४३६ कोटी मांडण्यांतून काही हजार निवडून तपासता येतात. म्हणून लिपी जाणणारा माणूस चाचणीच्या टेबलावर असणे ही तांत्रिक गरज आहे, भाषेवर केलेला उपकार नव्हे.

तिसरा मार्ग रचनेचा. दोष राहणारच हे धरून चालावे आणि त्याचे नुकसान पसरू देऊ नये. संदेशातले एक अक्षर दाखवता आले नाही, तर तिथे रिकामी चौकट दिसावी. त्यासाठी सारा फोन बंद पडण्याचे काही कारण नाही. आयमेसेजमधून आलेला मजकूर आधी एका बंदिस्त भागात उलगडायचा, अशी ब्लास्टडोर नावाची व्यवस्था ॲपलने आयओएस १४ मध्ये केली, हे जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षा-संशोधन गटाच्या अभ्यासातून पुढे आले. ही दिशा योग्य आहे. आपले सगळे तपासून झाले नाही, ही कबुली तिच्या रचनेतच आहे.

राहतो व्यवहाराचा मुद्दा. चाचणीला पैसा लागतो, आणि वापर कमी तिथे चाचणी कमी, असे कंपन्या म्हणतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३० कोटी आहेत, तेलुगू ८.११ कोटी, हिंदी ५२.८३ कोटी. एवढ्या लोकसंख्येला अपवादाच्या रकान्यात टाकणारा हिशेब व्यवहार म्हणूनही चुकतो. पण हा आग्रह दुसऱ्यांकडेच धरून आपल्याला मोकळे होता येणार नाही. पुणे-हिंजवडीत जगभरच्या सॉफ्टवेअरची चाचणी होते आणि ती करणाऱ्यांत मराठी घरांतली असंख्य मुले-मुली आहेत. त्यांच्या टेस्ट केसमध्ये किती वेळा मराठी नाव असते? ग्राहकाने मागितले नाही, हे उत्तर अर्धेच आहे. नावाचा रकाना तपासताना 'गोऱ्हे' टाकून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही आणि त्यातून निघालेला दोष ग्राहकाच्याच फायद्याचा असतो.

शासनाचे काम याहून मोठे आहे. मराठीत चालणारी प्रत्येक प्रणाली विकत घेताना निविदेतच चाचणीचा मजकूर बांधून द्यावा. त्यात 'वऱ्हाड' तिन्ही प्रकारे लिहिलेला असावा आणि शोधात तिन्ही सापडावेत. 'ॲ' दोन्ही प्रकारे असावा. अदृश्य चिन्हासह आणि चिन्हाविना 'वाङ्मय' असावे. 'महाराष्ट्र' प्रत्येक संकेतावर तोडून पाहावा आणि कुठेही अर्धे जोडाक्षर उरू नये. मोडीतले एक वाक्य साठवून जसेच्या तसे परत मिळावे. हे करायला मोठा खर्च नाही. मराठीचे अध्यापक आणि संगणकाचे विद्यार्थी एकत्र बसले, तर अशी यादी एखाद्या महाविद्यालयातही तयार होईल आणि ती सर्वांना मोफत देता येईल. युनिकोडकडे दोष कळवता येतात, मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांकडेही कळवता येतात. तिथे मराठीतून आलेली प्रत्येक नेमकी तक्रार पुढच्या आवृत्तीच्या चाचण्यांत कायमची जागा मिळवू शकते.

चाचणी अपुरीच राहणार. उद्या आणखी एखादी मांडणी आणखी एखादा फोन बंद पाडेल, आणि ती कदाचित आपल्याच लिपीतली असेल. तेव्हा अवघड लिपीला दोष देणारे पुन्हा बोलतील. त्यांना उत्तर द्यायचे, तर आपल्या अक्षरांचे नियम, अपवाद आणि दुहेरी वाटा आपणच नीट लिहून यंत्र घडवणाऱ्यांच्या हाती ठेवल्या पाहिजेत. लिपी कशी चालते हे तिच्या वाचकांइतके कोणालाच ठाऊक नसते. ते ज्ञान चाचणीच्या यादीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.